पाव्हणं, हलू नगासा!

जावयाचा इतका कसून उपयोग करून घेणारा सासरा सातारा-सांगलीच्या मुलखात माझ्या सासऱ्यांखेरीज दुसरा झाला नसेल, हे मी कुठल्याही देवळात उभा राहून सांगायला तयार आहे. इतरांचे सासरे जावयाला पाटावर बसवतात, माझ्या सासऱ्यांनी मला खांबाला उभं केलं. इतर जावई धोंड्याच्या महिन्यात, म्हणजे अधिक महिन्यात, सासरी जातात ते वाण घ्यायला, पुरणपोळी हाणायला आणि दुपारी लोडाला टेकून ढेकर द्यायला. मी गेलो आणि एका रेडिओचा सुटा भाग होऊन बसलो. बसलो कसला, उभाच राहिलो. आणि त्या शनिवारी दिवेलागणीला मी जर जागचा हललो असतो, तर शेजारच्या म्हातारीचा पोरगा तिच्यापुरता कायमचा मेला असता. साताऱ्याच्या शाळेतले माझे सहकारी शिक्षक ही हकिकत ऐकून पोट धरून हसतात. मीही हसतो, पण तळव्यांना अजून घाम सुटतो.

आमच्यात सासऱ्याला मामा आणि सासूला मामी म्हणतात. मामांचं गाव इस्लामपूरच्या पलीकडं, गाडीवाटेवरचं. ऊस, म्हशी आणि घरटी एक माणूस पलटणीत. मामा स्वतः पहिल्या लढाईत बसऱ्याला तारा ओढायच्या तुकडीत होते. तिथून ते पेन्शन, गुडघेदुखी आणि विजेचं वेड एवढं घेऊन परत आले, आणि त्यातलं शेवटचं तेवढं वाढत गेलं. जगातली प्रत्येक वस्तू चुकून भलत्याच कामाला लागलेली आहे आणि तिला तिच्या खऱ्या कामाला लावणं हे आपलं कर्तव्य आहे, अशी त्यांची श्रद्धा होती. त्यांचं खरं काम एकच होतं, ते म्हणजे घरच्या घरी रेडिओ बनवणं. छत्रीच्या काड्या त्यात गेल्या, मिसळणाच्या डब्यातल्या वाट्या गेल्या, पाळण्याच्या पितळी कड्या गेल्या. रेडिओ दरवर्षी नव्यानं मांडला जायचा, आणि दरवर्षी घरातली काहीतरी वस्तू कमी व्हायची. मामी म्हणायच्या, "आता घरात मी तेवढी ऱ्हायलेय. मलाबी एक दिस तार गुंडाळून टेबलावर ठिवतील."

आमची सोयरीक या वेडापायी मोडता मोडता राहिली. बोलणी सांगलीला एका नातेवाइकांकडं होती. माझ्या वडिलांनी वाकून रामराम केला, तर मुलीचे वडील खांबासारखे ताठ. मान हलेना, डोळ्यांची पापणी तेवढी लवली. आमच्या वडिलांचा पारा चढला. मुलीच्या बापाला एवढी मिजास, म्हणून ते जोडे शोधायला लागले. तेव्हा मामा सावकाश खाली बसले, सगळ्या पंचांसमोर फेट्याचा एकेक वेढा उलगडला, आणि आतून रेडिओचा एक व्हॉल्व्ह, दिव्यासारखी काचेची नळी, काढून पानसुपारीच्या तबकात ठेवला. त्या दिवशीच सांगलीच्या बाजारात एका दुरुस्तीवाल्याकडून त्यांनी तो मिळवला होता. "खिशात फुटंल, पिशवीत आदळंल. डोस्कं काय कुटं आदळत न्हाई," असं म्हणून त्यांनी माझ्या वडिलांच्या पायाला हात लावला. "आता घ्या रामराम. मगाशी ह्यो वर बसला हुता." वडिलांना हसू आवरेना, आणि माझं लग्न ठरलं. मला बायको मिळाली ती व्हॉल्व्ह फुटला नाही म्हणून, हे मामा मला पुढं वेळोवेळी ऐकवत.

लग्नानंतरचा पहिलाच धोंड्याचा महिना आला तो दुसऱ्या लढाईत, भर उन्हाळ्यात. मला आवतण आलं. मी पोचलो तेव्हा स्वयंपाकघरात आरडाओरडा चालला होता. मामांकडं रोज भाकरी. भाकरी हातावर थापतात, तिला लाटणं लागत नाही. त्यामुळं लाटणं घरातून नाहीसं झालंय हे मामींना कळलं ते जावयासाठी पुरण वाटून झाल्यावर. लाटणं सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, टेबलावर होतं, आणि त्याच्यावर हिरव्या रेशमानं मढवलेली तांब्याची तार इतकी घट्ट आणि इतकी सुबक गुंडाळलेली होती की खुद्द मामीही क्षणभर बघत राहिल्या. "ही कॉइल हाय," मामा म्हणाले. "हिला हात लावायचा न्हाई. म्हयनाभर तिनं तोंड उघडलं नव्हतं, परवा पयल्यांदा मुंबय बोलली." मामींनी पोळ्या तेलाच्या बाटलीनं लाटल्या. त्या कुठं जाड, कुठं पातळ झाल्या, आणि माझ्यापुढं आल्या त्या केळीच्या पानावर. वाण म्हणून मला द्यायचं तांब्याचं ताट दिसेना. ते अंगणात तुळशीजवळ पुरलेलं होतं. रेडिओला जमिनीशी जोडायला तांबं लागतं, आणि मामांच्या हिशेबानं जावयाचं ताट जावयाला मिळायच्या आधी जरा कामाला आलं तर त्यात जावयाचाच मान होता. मामी पदरानं डोळे पुसत होत्या. "जावयाचं वाण मातीत पुरलं ह्या माणसानं!" मामा मात्र माती ओली राहावी म्हणून तांब्यातांब्यानं त्या जागी पाणी ओतत होते.

रेडिओ बोलत होता हे खरं, पण त्याला एक खोड होती. एरियलची तार कडुलिंबावरून येऊन सोप्यातल्या माणसांच्या डोक्यावरून टेबलापर्यंत जायची, आणि खाली कुणी हललं की स्टेशन सरकायचं. माणूस जवळ आला की मुंबई जायची आणि शिट्टी यायची. मामांनी याचा अभ्यास केला होता. त्यांच्या मते प्रत्येक माणसाच्या अंगात कमीजास्त वीज असते. मामी उठल्या की मुंबई एका बोटानं सरके, माझी बायको गेली तर अर्ध्या, आणि म्हैस दावं ओढून डोकावली तर मुंबईचा पत्ताच लागत नसे. याच्यावर मामांनी उपाय काढला तो असा, की ज्यानं त्यानं आपापल्या जागी राहायचं. जमिनीवर रांगोळीनं रिंगणं काढली. एक मामींचं, एक लेकीचं. मी आल्यावर माझीही चाचणी झाली. मला सोपाभर फिरवलं, उभं केलं, बसवलं, हात वर करायला लावला. मधल्या खांबाला पाठ टेकून उभा राहिलो की मुंबई सगळ्यात स्वच्छ, असा निकाल लागला. "पाव्हणं, लय झ्याक जागा घावली तुमाला," मामा हर्षानं म्हणाले. "आता हलू नगासा." पहिल्या दिवशीची अर्धी पुरणपोळी मी खांबापाशी उभ्यानं खाल्ली. बायको रिंगणातून माझ्याकडं बघायची आणि हसू दाबायची, कारण हसण्यानंसुद्धा मुंबई हलायची.

इथवर सगळी थट्टाच होती. थट्टा संपली ती पलूसकडचा एक शिपाई रजेवर आला आणि मामांच्या दारात उभा राहिला तेव्हा.

मामांच्या भिंतीला भिंत लागून बयाक्का राहायची. नवरा कधीच गेलेला, एकुलता एक शिरपती पलटणीबरोबर मिसर देशात. कितीतरी महिने त्याचं पत्र नव्हतं. लढाईत त्याची तुकडी उधळली एवढीच बातमी होती, आणि बयाक्कानं मनाशी ठरवून टाकलं होतं की पोर गेलं. तो रजेवरचा शिपाई स्वतः बघून आला होता आणि सांगत होता की शिरपती जिवंत आहे, इस्पितळात आहे, पायाला लागलंय, हाताला पट्ट्या आहेत म्हणून लिहिता येत नाही. बयाक्का ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "व्हय बाबा. असंच सांगायचं असतं." चूल पेटवणं तिनं सोडलं होतं. मामी ताट नेऊन ठेवत, ते तसंच परत येई. ती डोळ्यांदेखत वाळत चालली होती, आणि तिला धीर द्यायला जो कोणी जाई त्याचं सगळं खोटं ठरे. मग त्या शिपायानं एक गोष्ट सांगितली. इस्पितळात एक यंत्र आणून जखमी लोकांचा आवाज भरून घेतला होता. तो घरच्यांसाठी मुंबईवरून लावणार होते, येत्या शनिवारी, दिवेलागणीला. त्यात शिरपतीचा आवाज होता.

मामी म्हणाल्या, इस्लामपुरात डॉक्टरांकडं विकतचा रेडिओ आहे, गाडी जुंपा. पण बयाक्का उठेना. "परक्याच्या दारात जाऊन रडू व्हय मी? मला कुटं न्हेऊ नगा. माजं पोर गेलं." म्हणजे ऐकवायचं तर इथंच, भिंतीपलीकडं. मामांनी मिशीवरून हात फिरवला नाही, बढाई मारली नाही. "माज्याकडं ऐकवतो," एवढंच म्हणाले आणि आत गेले. मी इतकी वर्षं त्यांना ओळखत होतो, पण त्यांना घाबरलेलं मी तेवढ्या चार दिवसांतच पाहिलं.

कारण बॅटरी. गावात वीज नव्हती, बॅटरी सांगलीला नेऊन भरून आणावी लागे, आणि भरलेली जेमतेम पुरे. मामा स्वतः सांगलीला गेले आणि बॅटरी मांडीवर घेऊन सर्व्हिस मोटारीनं आले. तिच्यातल्या ॲसिडनं धोतराला भोकं पडली, त्याची त्यांना शुद्ध नव्हती. आता चाचणी घ्यावी तर बॅटरी उतरणार, न घ्यावी तर ऐन वेळी काय निघेल सांगता येत नाही. मामा टेबलापुढं बसायचे, हात स्टेशन लावायच्या खुंटीपर्यंत न्यायचे आणि मागं घ्यायचे. त्यात रोज दुपारनंतर पश्चिमेला वळवाचे ढग जमायचे. लांब कुठं वीज चमकली की रेडिओत कढईत भजी सोडल्यासारखा आवाज येतो, हे मामांना ठाऊक होतं. मी मामींना म्हटलं, मामा एवढे का जिवाला लावून घेतायत? मामी भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बसऱ्यावनं परत आलं तवा ह्यांची आई न्हवती. पोर मेलं म्हणून हाय खाऊन गेली. ह्यांनी दारातनं हाक मारली, घरात कोण न्हाई." त्यानंतर मी खांबाची थट्टा केली नाही.

शनिवारी म्हैस मळ्यात नेऊन बांधली. मामांनी आवाज सगळ्यांना यावा म्हणून कानाला लावायचे फोन पितळी पातेल्यात ठेवले. त्यातून येणारा आवाज मोठा होई, पण मोठा म्हणजे मांजर चालल्याइतका. म्हणून मामींनी बांगड्या मनगटावर फडक्यानं बांधल्या. गावातली माणसं कुंपणाबाहेर उभी, खोकायलासुद्धा बंदी. बयाक्कासाठी उंबऱ्याच्या आत एक नवं रिंगण काढलं होतं, टेबलापासून चांगलं लांब. त्या जागी तिच्याच अंगलटीची बायकोची एक चुलती उभी करून, क्षणभरच बॅटरी जोडून मामांनी अंदाज घेतला होता. मी खांबाला पाठ लावली. मामांनी खुंटी फिरवली, शिट्टी आली, गेली, परत आली, आणि पातेल्यातून एक माणूस मराठीत बोलू लागला. फलटणकडचा कुणी आपल्या बायकोला बैल विकू नको म्हणून सांगत होता. मामांच्या कपाळावरचा घाम नाकावर ओघळला, पण तो पुसायला त्यांनी हात उचलला नाही.

बयाक्का येत नव्हती. दुसरा माणूस बोलला, तिसरा बोलला. शेवटी माझी धीट सासू कुंपणाकडं बघून नुसती हात जोडून राहिली, आणि बाहेरच्या बायकांनी बयाक्काला तिच्या घरातून जवळजवळ उचलून आणून उंबऱ्याच्या आत सोडलं. आणि तिथं घात झाला. दारात बाईमाणूस आलं आणि मामींनी गूळपाणी दिलं नाही, असं त्या घरात कधी घडलं नव्हतं. हात आपसूक चालले. मामी उठल्या, कोनाड्यातला गूळ घेतला, तांब्या भरला, आणि मुंबई गेली. पातेल्यातून नुसती शिट्टी.

"जागंवर!" मामा घशातल्या घशात ओरडले.

मामी धावत रिंगणात आल्या, पण हातात भरलेला पितळी तांब्या. त्या तांब्यानं मुंबई येईना. "तांब्या खाली ठिव!" मामा म्हणाले. "आल्या माणसाचं पानी भुईवर कसं ठिवू?" मामींच्या डोळ्यांत पाणी. मी खांबापाशी, हात नाही पोचत, पाय नाही उचलायचा. माझी बायको तिच्या रिंगणात, ओठ चावत. आत पाच माणसं, बाहेर अख्खा गाव, आणि सगळ्यांच्या मधोमध एक तांब्या. शेवटी बयाक्कानंच हात लांब केला, तांब्या घेतला, एक घोट प्याली आणि तो उंबऱ्याबाहेर ठेवून दिला. किती दिवसांनी तिच्या तोंडात काहीतरी गेलं होतं. ती रिंगणात उभी राहिली. शिट्टी बारीक झाली, आणि तिच्यातून कुणीतरी घसा खाकरला.

"त्योच," बयाक्का म्हणाली. अजून एक शब्दही आला नव्हता. "खाकरल्याबिगर बोलत न्हाई त्यो."

"आई, मी शिरपती. मी खुशाल हाय. पायाला लागलंय, पर बरा हुतोय..." आवाज पत्र्याचा, लांबचा, पण माणसाचा. बयाक्कानं दोन्ही हात पुढं केले आणि ती चालू लागली. रिंगणाबाहेर तिचं पाऊल पडलं मात्र, शिरपती विरघळला. ती आणखी पुढं झाली, शिट्टी वाढली. मामांनी खुंटी फिरवली, पण ती सरकत होती तसं स्टेशन सरकत होतं. ज्या माणसानं आम्हाला शिंकेवरून झापलं होतं, त्याच्या तोंडून "मागं सरा" एवढे दोन शब्द निघेनात. ते नुसते तिच्याकडं बघत होते, आणि मला वाटतं त्यांना त्यांची आई दिसत होती. ओरडल्या त्या मामी. "बया, मागं हो गं! माजे आई, मागं हो! तू मागं झालीस की त्यो बोलतोय!"

बयाक्का थांबली. तिला कळलं. ती एकेक पाऊल मागं गेली, हात मात्र तसेच पुढं केलेले, आणि तिचा पाय रिंगणात पडला तसा पोरगा परत आला. "...एकटी हाईस म्हणून चूल गार ठिवू नगंस. जेवत जा. मी यीन." मग दुसरंच कुणीतरी बोलायला लागलं. मामांनी बॅटरीची तार काढली.

बयाक्का हात खाली घेत म्हणाली, "लांबूनच बोलतोय. लांबच हाय न्हवं त्यो." आणि घरी जाऊन तिनं चूल पेटवली. धूर भिंतीवरून आमच्या अंगणात आला, तसे मामा फेट्याच्या शेवानं डोळे पुसत "धूर लय झाला" असं म्हणून मळ्याकडं निघून गेले. मी खांबाला तसाच. मला हला म्हणून कुणी सांगितलंच नव्हतं.

पुढं सांगलीच्या त्या दुरुस्तीवाल्यानं मामांना या खोडीवरचा साधा उपाय सांगितला. टेबलाच्या पुढच्या अंगाला पत्रा लावायचा आणि तो जमिनीशी जोडायचा, की मग माणसं कुठंही फिरोत. मामांनी पत्रा आणला, कापला, आणि माळ्यावर टाकून दिला. बयाक्का रोज दिवेलागणीला येऊन त्या रिंगणात उभी राहायची. बॅटरी असो नसो, रेडिओ बोलो न बोलो. थोडा वेळ उभी राहायची, मामी गूळपाणी द्यायच्या, आणि ती घरी जाऊन जेवायची. "तिची जागा ठरल्याली हाय," मामा मला म्हणाले. "तिला कशाला हलवायची?" मामी रोज सकाळी सडा घातल्यावर ते रिंगण नव्यानं काढत.

लढाई संपली. आम्ही सासरी गेलो होतो. संध्याकाळी बयाक्का रिंगणात, मामा बाजेवर. त्यांची नजर तोवर मंदावली होती. मी सवयीनं खांबाला टेकलो होतो. कुंपणाच्या फाटकातून काठी टेकत, लंगडत कुणीतरी आत आलं, घसा खाकरला आणि म्हणालं, "आई."

बयाक्कानं आधी रेडिओकडं पाहिलं. मग ती वळली. अंगणात शिरपती उभा होता. तिनं दोन्ही हात पुढं केले, आणि तशीच उभी राहिली. पाऊल उचलेना. एवढंच काय, तिनं टाच हळूच मागं घेतली, रिंगणाच्या पार आतल्या बाजूला. शिरपतीला काही समजेना. आई आपल्याला ओळखत नाही की काय, असा त्याचा चेहरा झाला. मामींनी तोंडावर पदर धरला. बयाक्काचं तोंड हलत होतं, पण ती श्वासही जपून घेत होती.

मामा बाजेवरून उठले. त्यांना नीट दिसत नव्हतं, पण कळलं सगळं होतं. "बयाक्का," ते इतक्या मऊ आवाजात म्हणाले, की असा आवाज त्यांना आहे हे मला माहीतच नव्हतं, "जा म्होरं. आता त्यो जात न्हाई."

तिनं एक पाऊल रिंगणाबाहेर टाकलं आणि थांबली. पोरगा होता तिथंच होता. तिनं दुसरं टाकलं. मग रांगोळी तुडवत, धडपडत ती त्याच्यापर्यंत पोचली आणि त्याचा चेहरा चाचपू लागली.

मामा कितीतरी वेळ त्या दिशेला तोंड करून उभे होते. मग त्यांना माझी आठवण झाली असावी. "पाव्हणं," ते म्हणाले, "तुमीबी सोडा आता त्यो खांब." मी सोडला. दुसऱ्या दिवशी त्यांनी माळ्यावरचा पत्रा रेडिओला लावला, आणि माझं तांब्याचं ताट तुळशीजवळून उकरून, चिंचेनं घासून माझ्या हातात दिलं. ते अजून आमच्याकडं आहे, त्याला तारेसाठी पाडलेलं भोकही आहे. त्यानंतर मामांनी मला कधीच कुठं उभं केलं नाही. आता मामा नाहीत, आणि खरं सांगायचं तर मला त्या खांबाची फार आठवण येते.